ताई घरी असतेच

न ठरवता प्रवासाला निघणाऱ्या मंडळींचं एक मात्र पक्कं ठरलेलं असतं : जेवायला आणि झोपायला कुणाकडे जायचं. बाकी मग रस्ता नेईल तिकडे.

ताईचा धाकटा भाऊ आणि त्याचे दोन मित्र गेली कित्येक वर्षं असे रस्ता नेईल तिकडे जात होते. रस्ताही मोठा आज्ञाधारक. तो दर वेळी फिरून फिरून त्यांना ताईच्या दारात आणून सोडायचा. दोन हमरस्ते जिथे मिळतात तिथून जवळच ताईचं घर होतं, त्याला ती तरी काय करणार? खाली गाडी थांबायची, दोन आखूड आणि एक लांब असा हॉर्न वाजायचा, आणि जिन्यातूनच धाकट्याची आरोळी यायची, "ताई, बघ कोण आलंय!" कोण आलंय ते बघण्याची तिला गरज नसायची. ती सरळ बटाटे सोलायला घ्यायची.

ती कवळ्या करायची. गावातले दंतवैद्य रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन तिच्याकडे पाठवायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरड्या घडवायची आणि त्यात एकेक दात बसवायची. समोरचा एखादा दात ती मुद्दाम केसभर तिरका ठेवायची, कारण अगदी सरळ दात कुणाच्याच तोंडात शोभत नाहीत, ते विकत घेतल्यासारखे दिसतात. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलाच्या वर एक फळी होती. तिच्यावर अर्ध्या गावाची तोंडं प्लास्टरमध्ये उघडी पडलेली असायची. इतकी तोंडं एका खोलीत आणि एकही बोलत नाही, हे ताईला फार आवडायचं.

हा धंदा तिने हौसेने धरला नव्हता. वडील गेले तेव्हा तिने शिक्षण अर्धवट टाकलं आणि एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत प्लास्टर कालवायला उभी राहिली. धाकटा त्या प्लास्टरवर शिकला. हे त्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. चार लोक जमले की तो डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, "आज मी जो काही आहे तो ताईमुळे." लोकही हळहळायचे. मग तो ताईला म्हणायचा, "ताई, अजून एकदा चहा टाकतेस का सगळ्यांना?" तिचं लग्न जमत होतं तेव्हा धाकट्याची परीक्षा होती. त्याची परीक्षा संपली तेव्हा लग्न जमायचं थांबलं होतं. मित्र तिला आपली बहीण असल्यासारखे ताई म्हणू लागले. ताई हे काही नुसतं नातं नसतं. ती एक नोकरी असते. तिला रजा नसते आणि तिच्यातून निवृत्तही होता येत नाही.

तरी ती इतकी वर्षं मूग गिळून होती. ठिणगी पडली ती धाकट्याच्या नव्या घराच्या जेवणात. धाकट्याचा मित्र वकील, खरोखरच वकिली करणारा, पाहुण्यांना आपल्या भटकंतीच्या गोष्टी सांगत होता. "आम्ही कधी काही ठरवत नाही," तो म्हणाला. "पावसात अडकलो, सगळी हॉटेलं बंद. वाटलं, आज उपाशी झोपायचं. आणि एवढ्यात, कुठून कोण जाणे, समोर गरम गरम भात, उकडलेली अंडी, धुतलेल्या चादरी! बघा, ठरवलं की मिळत नाही. न ठरवता सगळं मिळतं!" पाहुण्यांनी माना डोलावल्या. ताई तिथेच, त्याच्या कोपराशी, भाताचं पातेलं धरून उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पातेलं मात्र तिने सरळच धरलं. भात सांडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

त्याच सुमारास तिची मैत्रीण निवृत्त झाली. तिला सगळे नर्सबाई म्हणत. दंतवैद्याच्या दवाखान्यात जन्मभर लोकांची तोंडं उघडी ठेवता ठेवता तिने स्वतःचं तोंड बंद ठेवलं होतं. निवृत्त होताच तिने ती सवय सोडली. दोघींनी तळ्याकाठच्या विश्रामगृहात दोन दिवस राहायचं ठरवलं. ताईने बॅग भरली. आणि निघायच्या सकाळी खाली हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. ताईने बॅग पलंगाखाली ढकलली आणि बटाटे काढले. नर्सबाई एकटी गेली. बसमध्ये तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर एक गृहस्थ बसले आणि तळं येईपर्यंत तिच्या खांद्यावर घोरले. परत आल्यावर ती बरेच दिवस बोलली नाही. मग एकदा तिने दारात उभं राहूनच सांगितलं, "भाऊ आला, ठीक आहे. भाऊ येतातच. पण तू त्याला साधं सांगितलंसुद्धा नाहीस की तू माझ्याबरोबर निघाली होतीस. म्हणजे मी कुणी नव्हतेच. आता पुढच्या महिन्यात मी पुन्हा जाणार आहे. तू आलीस तर बरोबर जाऊ. नाही आलीस तर परत मला विचारू नकोस आणि मीही तुला विचारणार नाही. वाट बघत दारात उभं राहायचं माझं वय गेलं. मी आपली खिडकीत बसणार."

नर्सबाई बोलली की बोलली. ताईला दुसरी मैत्रीण नव्हती.

म्हणून पुढच्या महिन्यात, ठरलेल्या सकाळी ताईने गॅस बंद केला, खिडक्या लावल्या, मागच्या खोलीतली मेणातली कवळी ओल्या फडक्याने झाकली, दाराला कुलूप घातलं आणि बॅग उचलली. पहिली पायरी उतरली न उतरली तोच हॉर्न वाजला.

तिघं वर आले. पुढे धाकटा, डोक्यावरचे केस संपले तरी धाकटाच. मागे वकील. आणि सर्वांत मागे दुसरा मित्र लंबू, जो प्रत्येक जिना वाकून चढायचा, कमान उंच असली तरी.

"ताई! बघ कोण..." धाकटा थांबला. त्याची नजर बॅगेवर गेली. "काय झालं गं?"

"कोण गेलं?" लंबूने आवाज खाली आणून विचारलं. कुणी मेल्याशिवाय ताई बॅग घेऊन बाहेर पडत नाही, एवढं त्यालाही माहीत होतं.

"कुणी नाही. मी फिरायला चाललेय."

"फिरायला? अशी अचानक?"

"अचानक नाही. कधीचं ठरलंय."

"मग आम्हाला कळवायचं नाही का?" धाकटा म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. "एवढ्या लांबून आलो आम्ही. निदान एक फोन करायचास!"

ताईने उत्तरासाठी तोंड उघडलं. एवढ्यात लंबू कळवळून म्हणाला, "ताई, ते सगळं नंतर बोला. आधी मला बाथरूमला जाऊ दे. पहाटेपासून दाबून धरलंय."

इथे ताई चुकली. पण माणसाला बाथरूम नाकारणं तिला जमलं नाही. तिने कुलूप काढलं. लंबू धावला. आणि उघड्या दारातून बाकीचे दोघेही आपोआप आत गेले, उतारावरून पाणी जावं तसे. तिला काही सुचायच्या आत धाकटा सोफ्यावर आडवा झाला होता आणि वकील स्वयंपाकघरातून विचारत होता, "ताई, साखरेचा डबा कुठे हलवलास?"

"हलवला नाही. तू उघडू नकोस. मला जायचंय, गाडी सुटेल."

"उद्या जा ना," वकील कप घेऊन बाहेर आला. त्याचा सूर समजूत काढणाऱ्याचा होता, म्हणजे समोरचा चूक आहे हे आधीच ठरवलेल्याचा. "उद्याही गाडी असते. तळं काय पळून जातंय?"

"तळ्याला जातेय हे तुला कुणी सांगितलं?"

"बॅगेवर चिठ्ठी आहे. विश्रामगृहाची."

ताईने बॅग मागे घेतली.

"बरं, तुला जायचंच असेल तर जा," धाकटा उदारपणे म्हणाला. "चावी ठेवून जा. आम्ही आमचं बघतो."

"चावी मिळणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मिळणार नाही. मागे तुम्ही माझ्या टेबलावरची कवळी हातात घालून बाहुलीसारखी बोलती केलीत. हसून हसून लोळलात. मेण वाकडं झालं आणि एक म्हातारे गृहस्थ त्यापायी आणखी कितीतरी दिवस पेजेवर राहिले. त्यांना मी काय सांगितलं माहीत आहे? माझी चूक झाली म्हणून सांगितलं."

बाथरूममधून लंबू ओरडला, "ती मी नव्हतो!"

"तूच होतास."

"अगं पण मग आम्ही जायचं कुठे?" धाकटा उठून बसला. त्याला खरंच कोडं पडलं होतं. जन्मभर कुठे जायचं हे न ठरवलेला माणूस आज पहिल्यांदाच विचारत होता.

"रस्ता नेईल तिकडे."

"ताई, तू अशी नव्हतीस," धाकटा म्हणाला आणि त्याने शेवटचं अस्त्र काढलं. "आई जाताना तुला काय म्हणाली होती? धाकट्याकडे बघ, म्हणाली होती."

"तेव्हा तू सात वर्षांचा होतास!"

हे वाक्य ती घरात बोलली नाही, दारात जाऊन बोलली. आणि अशा आवाजात बोलली की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. ताई चारचौघांत तमाशा करत नाही, या एका गोष्टीवर तिघांचा सगळा हिशेब उभा होता. तो कोसळायला लागला.

"बाहेर! तिघंही!" ती ओरडली. "तुमची ती गोष्ट मी ऐकलीय. कुठून कोण जाणे भात आला म्हणे! मी सांगते कुठून आला. हा इथून आला, या ओट्यावरून! चादरी आकाशातून पडल्या नव्हत्या. तुम्ही गेल्यावर मी त्या धुतल्या, तुम्ही यायच्या आधीही मी धुतल्या! आयत्या बिळावरच्या नागोबाला निदान बीळ कुणाचं आहे ते तरी माहीत असतं. तुम्ही काही ठरवत नाही, कारण मी घरी असते. मी घरी आहे हेच तुमचं ठरलेलं असतं! आज मी घरी नाही. निघा!"

वकील पहिला निघाला. भांडणात साक्षीदार जमू लागले की कधी उठायचं, हे त्याला धंद्यामुळे कळत होतं. लंबू पँटचा पट्टा लावत आला. धाकटा सगळ्यात शेवटी, हातात चहाचा कप घेऊन. ताईने कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं.

"हा कप?" धाकट्याने विचारलं.

"पी आणि पायरीवर ठेव."

ती रस्त्याला लागली. थोड्या वेळाने मागून गाडी आली आणि तिच्या चालीने चालू लागली. धाकट्याने काच खाली केली.

"ताई, बस आत. सोडतो तुला."

"नको."

"अगं ओझं आहे हातात. लोक बघताहेत."

"बघू देत."

गाडी आणखी थोडी तशीच रेंगाळली. मागे कुणीतरी कर्कश हॉर्न मारायला लागलं. मग मागच्या सीटवरून लंबूचा आनंदी आवाज आला, "अरे, मग आपणही तळ्यालाच जाऊ की! नाहीतरी आपलं कुठे काही ठरलंय!"

ताई थांबली. गाडीही थांबली. तिने बॅग खाली ठेवली, खिडकीशी वाकली आणि अगदी हळू बोलली. या वेळी तिला ओरडावंसं वाटलं नाही, आणि तिघांनाही ते जास्त भीतीचं वाटलं.

"तळ्याकाठी मला तुमच्यापैकी एकाचाही चेहरा दिसला," ती म्हणाली, "तर मी हे घर विकेन आणि कुठे राहायला गेले ते तुम्हाला कळवणार नाही."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने काच वर केली. गाडी पुढच्या चौकापर्यंत गेली, तिथे जरा वेळ उगाच उभी राहिली, आणि मग डावीकडे वळली, जिकडे तळं नव्हतं.

नर्सबाई म्हटल्याप्रमाणे बसच्या खिडकीत बसली होती. शेजारच्या जागेवर तिने शाल पसरून ठेवली होती. ताई वर चढलेली दिसताच तिने शाल उचलली. तेवढंच काय ते स्वागत.

"धापा का टाकतेयस?"

"राग आलाय."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"माझाही?"

"तुझाही थोडा."

"असू दे. पाणी पी."

गाडी सुटली. घरं मागे पडली, दुकानं विरळ झाली. ताईला वाटलं होतं की एकदा गाडीत बसलं की मोकळं वाटेल, वारा लागेल, हसू येईल. तसलं काही झालं नाही. अचानक तिने समोरच्या सीटच्या पाठीवर एक गुद्दा मारला. पुढचा प्रवासी दचकून वळला. नर्सबाईने त्याला हातानेच पुढे बघायला सांगितलं.

"आता काय?"

"मला आत्ता काय वाटलं सांगू?" ताई म्हणाली. "त्या तिघांनी पहाटेपासून काही खाल्लं नसेल, असं वाटलं. एवढं सगळं बोलून! एवढा तमाशा करून! फ्रिजमध्ये अंडी आहेत हे सांगायचं राहिलं, असं वाटलं! मला माझीच चीड येतेय."

नर्सबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"उतरायचंय?"

"नाही."

"मग बस चिडून. मी आहे इथे."

ताई चिडून बसली.