आईची शुगर नॉर्मल आली

आई गेली त्याला आता वर्ष होईल. भाऊ सगळ्यांना सांगतो, "ताईनं आईचं लई केलं." तो असं म्हणाला की मला त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

मी पहिल्यापासून तापट. मी आवाज चढवला की घरात नवऱ्यापासून पोरींपर्यंत सगळे चिडीचूप. आईला गावाकडून, पिशोरहून, शहरात गारखेड्याला माझ्याकडं आणलं, तेव्हा हाच भाऊ हसून म्हणाला होता, "आता शुगरची काय बिशाद!"

आईला वीस वर्षांचा डायबिटीस, त्यात लिव्हर खराब निघालं. जन्मात दारूला न शिवलेली बाई. गावात लोक कुजबुजायचे, त्याची तिला फार लाज वाटायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, लिव्हर पार आकसलंय, दर पंधरा दिवसांनी दाखवायला आणा. मी मनावर घेतली ती फक्त शुगर. ती मशीनवर दिसायची ना! लिव्हर कुठं दिसतं?

मग काय, भात बंद, बटाटा बंद, चहा बिनसाखरेचा. संध्याकाळी सातला इन्सुलिन, एक भाकरी, वाटीभर भाजी, की स्वयंपाकघर बंद. अडीचशेच्या घरातली शुगर दीडशेवर आली, मग एकशेदहावर. एका सकाळी पंच्याऐंशी! मी मशीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मावशीनं विचारलं, "काय औषध दिलंस गं?" मी म्हणाले, "धाक." डॉक्टरांची पुढची तारीख मीच टाळली. शुगर नॉर्मल आलीय, उगाच दिवसभर दवाखान्यात कोण ताटकळत बसणार?

आई वाळत चालली होती, पोट तेवढं फुगलेलं. सकाळी मी उठायच्या आधीच ती ओट्याशी येऊन उभी असायची. "बाई, लई भूक लागली गं. हातपाय थरथरायलेत. चतकोर भाकरी तरी दे." मी म्हणायचे, "आधी शुगर तपासू. जिभेला जरा आवर घाल, आई." "बरं बाई," म्हणून ती पाणी पिऊन गुमान बसायची. एकदा तिच्या उशीखाली दोन बिस्किटं सापडली, नातीकडून मागून घेतलेली. सत्तरीच्या आईला मी पोरींसमोर फाडफाड बोलले. तिनं मान वर केली नाही.

एके दिवशी आठ वाजले तरी ती उठेना. अंग घामानं चिंब, डोळे अर्धवट उघडे, मला ओळखेना, काहीबाही बरळत होती. मशीन लावलं तर आकडाच येईना, नुसतं 'लो'. मला वाटलं, मशीन बिघडलं. आई तशी पडलेली आणि मी ड्रॉवरमध्ये नवा सेल शोधत बसले! शेवटी नवऱ्यानंच तिला उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात आधी शिरेतून ग्लुकोज दिलं, मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "चांगलं लिव्हर साखर साठवतं आणि पोट रिकामं असताना पुरवतं. यांच्या लिव्हरला ते जमत नाही. यांना जास्त वेळ उपाशी ठेवायचंच नसतं, झोपतानाही काहीतरी द्यायचं असतं. शुगर आपोआप उतरायला लागली, तेव्हाच इन्सुलिन कमी करायला हवं होतं. ती सुधारणा नव्हती, ताई. तारखेला का आणलं नाही?"

म्हणजे आई खरंच भुकेली होती. जिभेचे चोचले नव्हते ते. माझी आई माझ्याच घरात उपाशी होती, आणि मी फोटो टाकत होते.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. रडून रडून माझं तोंड लाल झालं होतं. तिला वाटलं, मी चिडलेय. सुई लावलेला हात तिनं कसाबसा उचलला आणि गळ्याची कातडी चिमटीत धरली, शपथ घेताना धरतात तशी.

"तुझी आण बाई, मी कायबी खाल्लं नाय."