भर समुद्रात पाय धरला, त्याची गोष्ट

जबलपूरला समुद्र नाही. बी.एस्सी. होईपर्यंत आणि त्यापुढची नोकरीची सात वर्षं या गोष्टीमुळे माझं काहीही अडलं नव्हतं.

अडलं ते लग्नाच्या वेळी. रसिका बदली होऊन आमच्याच ऑफिसात आली. मूळची मालवणकडची. दोन वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. ती मला मासा खायला लावायची आणि काटे काढून द्यायची. (आमच्या प्रेमाचं याहून जास्त वर्णन मी करणार नाही, घरचे वाचतात.) शेवटी एकदा तिनं वडिलांना फोन लावून माझ्याबद्दल सांगितलं. फोन स्पीकरवर होता. त्यांचा पहिलाच प्रश्न आला, "बापूस काय करता त्याचो?"

मी फोन हातातच घेतला. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ज्या माणसाच्या खांद्यावर उभा राहून चढलो, त्याची नोकरी सांगताना मी कधी आवाज बारीक केलेला नाही. ठणकावून सांगितलं, "वडील खलाशी होते! तेहेतीस वर्षं!"

पलीकडून आवाज आला तो चक्क प्रेमळ.

"खलाशाचो झील? अरे मगे हयसर ये! एक दिवस दर्यात जावया, मासे मारूया. मगे बघूया लग्नाचा!"

आता एक खुलासा. आमच्या जबलपुरात खलाशी म्हणजे रेल्वेच्या शेडमध्ये इंजनाखाली शिरून मिस्त्रीच्या हातात पाने देणारा माणूस. कोकणात खलाशी म्हणजे जहाजावर काम करणारा. हे मला माहीत नव्हतं. रसिकाला माहीत होतं. "मग बोलली काहून नाहीस?" असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "तू इतक्या अभिमानानं सांगितलंस, मला मधे तोंड घालवेना."

म्हणजे मी समुद्रावर चाललो होतो तो नाविकाचा मुलगा म्हणून. आणि मी पाण्यात उतरलो होतो तो फक्त नर्मदेच्या ग्वारीघाटावर, गुडघ्यापर्यंत, तेही आईनं मागून सदरा धरलेला असताना!

वडिलांचा गुडघा धरलेला, त्यामुळे ते आणि आई येऊ शकले नाहीत. बोलणी करायला माझ्यासोबत दोन मित्र निघाले. एक संजय, चेरीतालचा, शाळेपासूनचा सोबती. हा दर रविवारी बरगीच्या धरणावर ल्युअरनं मासे धरतो. ल्युअर म्हणजे नकली मासा. चकचकीत, रंगीत, पोटाखाली तीन-तीन तोंडांचे गळ. तो पाण्यातून ओढत न्यायचा, म्हणजे खरा मासा त्याला खरा समजून झडप घालतो. (खऱ्याची इतकी फसगत मी फक्त लग्नाच्या बायोडेटात पाहिली आहे.) दुसरा दुबे. शुद्ध शाकाहारी, लसूणसुद्धा नाही. पण आमच्या तिघांत पोट आणि आवाज त्याचाच मोठा, म्हणून तो 'मोठं माणूस' या नात्यानं. आईनं त्याला कमानिया गेटवरून दोन किलो खोव्याची जलेबी घेऊन दिली आणि बजावलं, "दुबेजी, ठरलं की लगेच फोन करजा. मी वाट पाहून राहीन."

सकाळी सहाला आम्ही धक्क्यावर पोचलो. रसिकाचे वडील, वासूकाका, होडीत उभे होते. होडी वरखाली होत होती, वासूकाका होत नव्हते. कशालाही न धरता हा माणूस त्या हलत्या फळीवर असा उभा होता, जसे आम्ही पानठेल्यावर उभे राहतो. आणि सुकाणूवर कोण, तर रसिका! ऑफिसात जी स्टेपलर अडकला की मला हाक मारते, तिनं एका झटक्यात दोरी ओढून इंजिन चालू केलं, लाटेकडे एकदा पाहिलं आणि होडी अशी बाहेर काढली की माझं तोंड उघडंच राहिलं. (त्यातून पुढे बरंच काही बाहेर आलं, पण ते सोडा.)

वासूकाकांनी पहिला नियम सांगितला. "ह्ये तीन तोंडाचे गरीये वायट. पायात घुसलो तर मांस घेऊन भायेर येता. पायातले बूट काढू नकात कोणी."

मी मुलगी मागायला म्हणून नवे बूट घालून गेलो होतो. खारं पाणी लागून ते खराब होऊन राहिले होते. मी गुपचूप काढून ठेवले.

किनारा मागे पुसट रेघ झाला. संजयनं दोन रॉड लावले, दोन ल्युअर होडीमागे लांब सोडले. एक रॉड माझ्या हातात दिला, दुसरा काठाला अडकवला. वासूकाका माझ्याकडे कौतुकानं पाहत होते.

"बापूस खंयच्या बोटीर होतो तुझो?"

"बोटीवर नाही जी, इंजनावर."

"अरे वा! इंजीन रूमात!" त्यांनी मान डोलावली. "कठीण काम ता. गरम."

"खूप गरम," मी म्हणालो. मला वाटलं, रेल्वेची किती माहिती आहे या माणसाला!

इतक्यात वासूकाकांनी दूरवर बोट दाखवलं. मला नुसतं पाणी दिसलं. त्यांना पाण्यावर घिरट्या घालणारे चार पक्षी दिसले, पक्ष्यांखाली बारकी मासळी कळली आणि बारक्या मासळीखाली मोठी. ते फक्त "रसू" म्हणाले आणि तिनं होडी त्या दिशेला वळवली. दोघांत बाकी शब्द नाही. मी एम.एस्सी.चे लॅब असिस्टंट पाहिले आहेत, असं निरीक्षण पाहिलं नाही. पाच मिनिटं झाली नसतील, तर माझ्या रॉडला असा हिसका बसला की मी बसल्या जागेवरून उभा राहिलो. दोरा सरसर धावायला लागला. मागे पाण्यात एक चांदीची पट्टी चमकली आणि गेली.

संजय वेडाच झाला. आमच्या बोलीत 'पाहा'ला आम्ही 'पाय' म्हणतो. नागपूरपासून जबलपूरपर्यंत कोणालाही विचारा.

"अबे पाय! पाय! पाय पाय पाय!" संजय माझ्याकडे हात करून ओरडला.

वासूकाकांनी ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. माझे पाय उघडे! त्यांनी "रसू, इंजीन बंद कर!" अशी आरोळी मारली आणि झेप घेऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. माझा उजवा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आता यात माझी चूक किती, तुम्हीच ठरवा. आमच्या भागात, विशेषतः दुबेसारख्यांकडे, लग्न ठरलं की मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, पायांना हात लावतो. पाँव पूजना म्हणतात. एक वयानं मोठा माणूस, मुलीचा बाप, माझा पाय धरून खाली मान घालून बसला आहे. मी काय समजावं? मला भरूनच आलं.

"अहो काका, काय करून राहिले! उठा! तुम्ही मोठे आहात!"

"गप रव! हालू नको!"

किती नम्र माणूस, मला वाटलं. ऐकायलाच तयार नाही! मी त्यांना खांद्याला धरून उठवायला दोन्ही हात पुढे केले. दोन्ही हात. रॉड कुठे होता हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

"अबे माझा रॉड!" संजय किंचाळला. सुर्रकन रॉड काठावरून गेला आणि समुद्रात दिसेनासा झाला.

पण माझं मन त्या वेळी रॉडवर नव्हतं. मुलीचा बाप पाया पडतो आणि शिकलेला मुलगा नुसता उभा राहतो, हे बरं दिसतं का? मीही त्यांच्या पाया पडायला वाकलो. ते त्याच क्षणी उठले. माझं कपाळ आणि त्यांचं डोकं असं आदळलं की होडी एका बाजूला कलली.

"हो गया!" दुबे उभा राहून गरजला. "लड़की के बाप ने पाँव पूज लिए! रिश्ता पक्का! बधाई हो चाचाजी!" वासूकाकांनी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि दुबेनं त्यात जलेबी घातली. अख्खी!

खोव्याची जलेबी घाईत गिळता येत नाही. वासूकाका चावत होते, डोळे लाल होत होते, आणि दुबेचा फोन लागलासुद्धा होता. (किनारा पुसट का होईना दिसत होता, त्यामुळे मोबाईलला दोन काड्या होत्या. नसत्या तर किती बरं झालं असतं!)

"चाची, बधाई हो! पक्का हो गया! चाचाजी ने खुद पाँव पकड़ लिए!"

स्पीकरवर आईचा आवाज आला. "अगं बाई! द्या द्या, व्याह्यांना द्या! अहो व्याही, तुम्ही आमच्या पोराचे पाय काहून धरले? आमच्यात नाही असं. लेक देऊन राहिले, तेच आम्हाला खूप झालं."

वासूकाकांची जलेबी संपली.

"कोणी धरले पाय? मी? मी त्याच्या पायातली गरी शोधी होतंय! ह्यो पाय-पाय करून बोंबललो म्हणून! लग्नाचा कोण बोललो हंयसर?"

दोन वर्षांचे डबे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. रसिकाकडे पाहायची हिंमत होईना. 'ऑफिसात सात हजार लोकांच्या फायली सांभाळतो मी,' असं मी मनात म्हणत होतो, आणि एक शब्द सांभाळता येईना!

"बापूस खंय ह्याचो?" वासूकाका फोनवर कडाडले. "खलाशाक फोन दी! त्याका कळतला, दर्यार असो खेळ करूचो नसता!"

वडील फोनवर आले. ते आयुष्यभर साहेब लोकांशी एकाच आवाजात बोलत आले आहेत. तोच आवाज.

"नमस्कार जी. मला समुद्राचं काही नाही समजत. मी पाहिलाच नाही. मी रेल्वेचा खलासी. शेडमध्ये इंजनाखाली काम करायचो. पोरानं काही चुकीचं सांगितलं असेल तर माफ करा."

वासूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"रेल्वेचो? म्हणजे इंजीन वर आणि तुमी खाली?"

"हो जी. वर उचलून ठेवलेलं असायचं. आम्ही खाली."

"तेहेतीस वर्षां?"

"तेहेतीस. काम होतं जी." मग म्हणाले, "एक विनंती होती. लग्नाचं तुम्ही म्हणाल तसं. पण पोराला नीट किनाऱ्यावर आणा. त्याला शिकवलं पुष्कळ, पण पोहणं राहून गेलं."

वासूकाकांनी फोन तोंडाजवळ घेतला. मग हळूच म्हणाले, "माझ्या पायाखाली पाणी आसता, पण डोक्यार आभाळ आसता हो. डोक्यार इंजीन घेऊन माका एक दिवस जमाचा नाय." आणि मला म्हणाले, "खोटा नाय बोललंस तू. शब्द खोटो निघालो."

त्या वेळी पहिल्यांदा आमचं लक्ष मागे गेलं. इंजिन बंद झाल्यापासून रसिका रिकामी बसली नव्हती. आमच्या पाय, जलेबी आणि फोनच्या गोंधळात तिनं पाहिलं होतं, की काठाला अडकवलेल्या दुसऱ्या रॉडचा दोरा माझ्या रॉडच्या दोऱ्यात गुंतला आहे. तिनं तो ओढून माझा दोरा हाती घेतला, तळहाताला ओढणी गुंडाळली आणि हात टाकत टाकत एकटीनं ओढत राहिली. मासा जोर करी तेव्हा सोडायची, दमला की ओढायची. आधी संजयचा रॉड वर आला. (संजयनं त्याचा मुका घेतला.) मग होडीच्या कडेला माझ्या हाताएवढी लांब, चांदीसारखी सुरमई! (तिकडे तिला इसवण म्हणतात.) वासूकाकांनी आकडा लावून ती आत घेतली. रसिकाच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ती हसत होती. दुबेनं शाकाहारी असूनही टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, हिनं नाही म्हटलं तरी चालेल, पण ही बाई मी पाहिली हे नातवंडांना सांगेन. (मग ती नातवंडं कुठून येणार, हा विचार नंतर आला.)

वासूकाकांनी सुरमईकडे पाहिलं, मग मी जिथे अनवाणी, कपाळावर टेंगूळ घेऊन बसलो होतो तिकडे. फोन अजून चालूच होता. जबलपूर श्वास रोखून ऐकत होतं.

"रसू, आज दोन गावलेत तुका. खंयचो ठेवूचो आणि खंयचो सोडूचो?"

रसिकानं सुरमईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत सुरमईकडे. जरा जास्तच वेळ.

"दोनय ठेवया, बाबा," ती म्हणाली.

फोनमधून आई रडली की हसली ते अजून कळलेलं नाही. दुपारी आम्ही धक्क्याला लागलो, तर खबर आधीच पोचली होती. अर्धा गाव बघायला आला होता. होडीतून रसिकानं पकडलेले दोघेही उतरले. पहिलीला चार जणांनी हातांवर उचलून घेतलं. दुसऱ्याला एका काकूंनी सांगितलं, "ओ भावजी, वायच बाजूक सरा. इसवणीचो फोटो काढूचो आसा."