लांबीच्या समोरची खुर्ची

लॉन्ड्रीत तिला सगळे ‘कडक’ म्हणायचे. हॉटेलांच्या चादरींना खळ द्यायचं काम तिचं, आणि स्वभावालाही तीच खळ. आम्ही तिथल्या बायकांची संघटना बांधली तेव्हा पहिली सही तिची होती. त्यामुळे मुलीच्या लग्नात कोण कुठे बसणार हे ठरवायला तिने बोलावलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून गेले.

मला वाटलं, बसवायचं काय त्यात, येतील तसे बसतील. पण मुलाकडच्यांची अट होती: गोल टेबलं, आणि प्रत्येक खुर्चीवर नाव. मोठी माणसं! शेजारी कोण बसलंय त्यावर त्यांचं जेवण पचायचं ठरतं.

कडकने इस्त्रीच्या टेबलावर जुनी चादर पसरली होती. तिच्यावर पालथ्या ताटल्या. एक ताटली म्हणजे एक टेबल. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावतो तशा कापडी पट्ट्यांवर नावं लिहून तिने ती ताटल्यांभोवती टाचण्यांनी टोचली होती.

“रंग जाणारे आधी वेगळे काढले,” ती म्हणाली. “ही माझी जाऊ, ही त्यांची काकू. एका पाण्यात पडल्या की झालंच.”

मुलगी दाराला टेकून बघत होती. “आई, मामा कुठाय?”

हा मामा म्हणजे कडकचा थोरला भाऊ, आमच्याच लॉन्ड्रीतला सुपरवायझर. कडकचा नवरा घर सोडून गेला तेव्हा याने भाचीला सायकल शिकवली, शाळेत पोचवलं, तिच्या आजारपणात रजा टाकल्या. खरंय, मी नाकारत नाही. पण वाफेच्या प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी तुटली होती आणि ती बदला म्हणून आम्ही घसा फोडत होतो, हेही खरंय. त्या प्रेसमध्ये आमच्यातल्या एकीचा, लांबीचा, उजवा हात सापडला. तपासणीच्या साहेबासमोर हा छाती काढून म्हणाला, “मशीन ठणठणीत होतं. बाईचंच लक्ष नव्हतं.” बोटं गेली, वर नोकरीही गेली. उंचीमुळे लांबी म्हणायचो आम्ही तिला. त्या दिवसापासून ती वाकून चालते. आणि त्या दिवसापासून कडक भावाशी एक शब्द बोललेली नाही.

“मामा पहिल्या टेबलावर, माझ्यासमोर,” मुलगी म्हणाली. “आणि लांबीमावशीला त्या खांबामागे बसव ना. सासूबाई विचारतील हाताला काय झालं. लग्नात कशाला तो विषय?”

माझं डोकंच फिरलं. “बोटं तिची गेली, आणि लाज तुला वाटते?”

“तू मध्ये पडू नकोस, मावशी. हे माझं लग्न आहे, तुझा मोर्चा नाही.”

 कडकने पहिल्या ताटलीपाशी लांबीची पट्टी टोचली. मग भावाची पट्टी उचलली आणि बरोबर तिच्या समोर लावायला घेतली.

“पहिलं टेबल हवं ना त्याला? घे. पण तिच्या तोंडासमोर बसेल.”

“तो उठून जाईल, आई.”

“जाऊ दे.”

“मग मीही तुझ्याशी बोलणार नाही. सांगून ठेवते.”

टाचणी हवेतच थांबली. जगात कडकचं म्हणावं असं माणूस ही लेक एकच.  मग टाचणी चादरीत घुसली.

शहाणी माणसं सांगतात, लग्नकार्यात वैर विसरावं. का विसरावं? तुटलेली बोटं लग्नापुरती उगवतात का?

लग्नाच्या दिवशी मामा नवा कोट घालून, हसत हसत आला. खुर्चीवरचं नाव वाचलं, समोर पाहिलं आणि हसू तिथेच विरलं. तरी बसला. छताकडे बघत सूप प्यायला. लांबीने त्याच्याकडे हात पुढे केला. तोच हात.

“साहेब, जरा मीठ.”

त्याने मिठाची डबी टेबलावरून सरकवली.

“टेबलावर नको. हातात द्या.”

आजूबाजूचे चमचे थांबले. नवऱ्या मुलाची आई बघायला लागली. मामा लालबुंद झाला. बहिणीकडे वळून ओरडला, “यासाठी बोलावलंस मला?”

“हो,” कडक म्हणाली. एवढ्या वर्षांत भावाशी बोललेला तिचा पहिला शब्द.

तो खुर्ची ढकलून निघाला. मुलगी पदर सावरत “मामा, मामा” करत फाटकापर्यंत धावली. परत आली ती रडून डोळे सुजवूनच. आईच्या जवळून गेली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

मी कडकच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता ही कोसळेल. ती उठली, भावाच्या रिकाम्या खुर्चीत लांबीसमोर जाऊन बसली आणि वाढप्याला म्हणाली, “मला इथे वाढ.”

मुलगी अजून फोन उचलत नाही. कडक रोज लावते.