भीती विचारणाऱ्या अक्का

"तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न अक्कांनी कुठल्याही विद्यार्थ्याला विचारलेला मी कधी ऐकला नाही. विद्यापीठातल्या करिअर मार्गदर्शन कक्षात एम.ए., एम.एस्सी.ची मुलं यायची ती उत्तर पाठ करूनच. नेट, सेट, बँक, स्पर्धा परीक्षा, नाहीच जमलं तर बी.एड. अक्का त्यांच्यापुढे एक पाठकोरा कागद सरकवायच्या आणि म्हणायच्या, "कशाची भीती वाटते तेवढं लिही. सगळ्यात मोठी एकच. बारीकसारीक घरी ठेव."

मुलं आधी गोंधळायची, मग खाली मान घालून लिहायची. एकीनं लिहिलं होतं, 'मुलाखत इंग्रजीत घेतली तर?' तिला अक्कांनी आठवडाभर रोज इंग्रजीतून भाकरी करायला लावली. तोंडी. पीठ मळण्यापासून ती तव्यावर फुगेपर्यंत. "भाकरी जमली की रसायनशास्त्र काय, सोपंच की!" मोडनिंबचा एक मुलगा नऊ ठिकाणच्या अर्जांची यादी घेऊन आला. अक्कांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "तलाठी, बँक, पीएच.डी., रेल्वे… नोकरी शोधतोयस का जत्रेत पाळणे बघत फिरतोयस रे?" त्यानं तिथंच बसून पाच नावं खोडली.

अक्का मैंदर्गीच्या. घरची भाषा कानडी. फार राग आला की त्या कानडीत बोलायच्या. समोरच्याला काही कळायचं नाही आणि अक्कांचं मन मोकळं व्हायचं. कक्षातली त्यांची नेमणूक कराराची होती, पण त्यांना कधी घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी मात्र घाबरलेलाच असायचो. रसायनशास्त्र विभागात मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. चाळिशी जवळ आलेली, दोन मुली शाळेत, आणि दर वर्षी जूनमध्ये नेमणुकीची नवी ऑर्डर. ती निघायची विभागप्रमुखांच्या शिफारशीवर. त्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणायचो. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. अक्कांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला असता तर मी एकच शब्द लिहिला असता: जून.

तरी अक्कांनी मला कक्षात मदतीला घेतलं. सराव मुलाखतीला परीक्षक म्हणून त्या मला बसवायच्या. त्यांची पद्धत अशी की विद्यार्थ्याच्या परवानगीनं त्याचा कागद मला वाचायला द्यायच्या आणि जी भीती त्यावर असेल, नेमकी तीच मी प्रश्न करून विचारायची. "हितं एकदा फजिती झाली की तितं होत नाही," असं त्यांचं म्हणणं. उत्तर 'नाही' असलं तरी त्यांची हरकत नसे. 'नाही'च्या पुढचं वाक्य तयार आहे का, एवढंच त्या बघायच्या.

इरफान असाच त्या खुर्चीत बसला. टेंभुर्णीचा मुलगा, वडील ट्रकवर. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. त्याच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच. त्याच्या कागदावर होतं, 'माझ्या प्रकल्पातले निम्मे आकडे माझे नाहीत. मोठ्या सरांनी जुन्या प्रबंधातले घालायला सांगितले. पुण्याला विचारलं तर?'

मी विचारलं, "हे आकडे तुम्ही स्वतः घेतलेत?"

"नाही, सर."

"बरं," अक्का म्हणाल्या. "पुढचं वाक्य?"

पुढचं वाक्य नव्हतं. ते तयार करायचं तर प्रयोग पुन्हा करायला हवे होते. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हणालो. मला अजून नवल वाटतं, मी हो म्हणालो. तीन शनिवार इरफाननं खपून सगळी रीडिंग नव्यानं घेतली. तिसऱ्या शनिवारी वही छातीशी धरून म्हणाला, "सर, अब कोई भी पूछने दो!" त्या दिवशी मलाही थोडं धीट झाल्यासारखं वाटलं.

सोमवारी मोठ्या सरांनी मला बोलावलं. टेबलावर माझ्या ऑर्डरचा शिफारस अर्ज होता आणि त्यांच्या हातात पेन. "शनिवारी लॅब कुणासाठी उघडता?" एवढंच त्यांनी विचारलं. आवाजही चढवला नाही.

मला खोटं बोलता आलं असतं. माझ्याच तासाची तयारी करत होतो, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी त्या पेनाकडे बघत म्हणालो, "अक्कांनी सांगितलं म्हणून उघडली, सर. तो इरफान रीडिंग परत घेतोय. आधीचे आकडे त्याचे नाहीत, असं त्यानं लिहून दिलंय."

सरांनी सही केली. "या," म्हणाले.

नऊ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दुसऱ्या दिवशी इरफानला प्रयोगशाळेत यायची बंदी झाली. पुण्याला प्रकल्पाच्या मार्गदर्शकाचं, म्हणजे मोठ्या सरांचंच पत्र लागणार होतं, ते त्यांनी नाकारलं. पत्राशिवाय तो गेला आणि तसाच परत आला. सरळ कक्षात आला. मी आणि अक्का चहा घेत होतो.

"या खोलीतल्या तिघांनाच ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी बोललो नाही. मग तुमच्यापैकी कोण?"

मी कप बशीत ठेवायला गेलो तर बशी वाजायला लागली. अक्कांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्याला म्हणाल्या, "माझ्या तोंडून गेलं, बाळा. चुकलं माझं."

तो दाराशी जाऊन थांबला, मान हलवली आणि गेला. मी तोंड उघडलं नाही. अक्कांनी माझा चहा पुढे सरकवला. "घ्या, सर. निवला."

त्या वर्षी अक्कांचा करार वाढवला नाही. मला ऑर्डर मिळाली, पुढच्या वर्षीही मिळाली, पुढे मी कायम झालो. मोठे सर निवृत्त झाले. भीती मात्र गेली नाही. फक्त आता ती सरांची नव्हती. टेंभुर्णीचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. सोलापूर स्टँडवर इरफानसारखा उंच, दाढीवाला तरुण दिसला की मी खांबाआड व्हायचो. यंदा मार्गदर्शन कक्षाचा समन्वयक म्हणून माझंच नाव निघालं. अक्कांच्या खुर्चीत मला बसवेना. नऊ वर्षांनी मी मैंदर्गीची एसटी धरली.

भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत अक्का गावातल्या मुलांचे अर्ज भरून देतात. केस पांढरे झालेत. मी सगळं एका दमात सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि एका अर्जावर फोटो चिकटवत होत्या.

"मला म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "बशी वाजली तेव्हाच."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"चूक माझीच होती. भिणाऱ्या माणसाच्या हातात मी पोराची भीती दिली. तुमची ऑर्डर कुणाच्या हातात होती हे मला ठाऊक नव्हतं का?" मग त्यांनी मान वर केली. "इरफानला सांगितलंत?"

"नाही."

"मग हितं कशाला आलात? चुकीच्या खिडकीवर अर्ज दिलात, सर."

त्यांनी इरफानचा नंबर तोंडपाठ सांगितला. तो आता टेंभुर्णीकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. मी उद्या करतो म्हणालो. अक्कांनी अर्ज बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच फोन लावला. घंटा वाजत होती तेवढा वेळ मला वाटत होतं, त्यानं उचलू नये.

त्यानं उचलला. मी नाव सांगितलं आणि मग ते एक वाक्य. मी सांगितलं होतं, अक्कांनी नाही. पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. मला वाटलं तो शिव्या देईल. मला त्या हव्याही होत्या.

"सर," तो म्हणाला, "त्यांचा दर ईदला फोन येतो. मी नुसता वाजू देतो. नऊ वर्षं."

मी अक्कांकडे पाहिलं.

"कुठं असतात त्या?"

"माझ्यासमोरच आहेत."

मग तो म्हणाला, "तुमचं मागून बघू. त्यांना द्या."

मी फोन पुढे केला. अक्कांनी हात पदराला पुसला, फोन घेतला, पण कानाला लावला नाही. फोनवर तळहात घट्ट दाबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय बोलू हो त्याच्याशी?"