मार्टिन साहेबाची बंदूक

शुक्रवार, २३ ऑक्टोबर १९९८. अमिरातीतलं रुवैस, आमच्या क्वार्टरचा हॉल. हजर: मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि नवऱ्याच्या वर्कशॉपमधले वयस्क अमिराती फोरमन, ज्यांना आम्ही सगळेच चाचा म्हणायचो. टेबलावर सात फोटो, भिंग आणि माझी वही.

फोटो माझ्या माहेरच्या बंदुकीचे होते. ती रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात, ओटीच्या भिंतीवर टांगलेली असते. बाबा सांगत आले तसं, पणजोबांनी वाघ मारला तेव्हा मार्टिन नावाच्या साहेबाने ती बक्षीस दिली. घरात तिला बंदूक कोणी म्हणतच नसे. खंडेनवमीला आई सांगायची, मार्टिनला हार घाला. बाबांना ऐंशी पूर्ण झाली आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली: साहेबाचं पूर्ण नाव आणि हुद्दा शोधून, त्यांच्या डोळ्यांदेखत बंदुकीशेजारी पाटी लावायची. दादाकडे दिलेलं काम ‘बघू’मध्ये जातं, म्हणून ते मी घेतलं.

पहिली अडचण अशी की बंदुकीवर कोरलेली अक्षरं दिसत नव्हती. दर खंडेनवमीला तिला खोबरेल चोपडून हळदकुंकू वाहिलेलं, आणि ते वर्षानुवर्षं खाचांत घट्ट बसलेलं. दादा पॉलिशपेपर घेऊन बसणार होता. मी फोनवरून थांबवलं आणि मऊ ब्रश वापरायला सांगितलं. तेव्हा एक मुकुट निघाला आणि त्याखाली V.R. बाबांनी त्याच क्षणी फोन हातात घेतला. “व्ही. आर. मार्टिन! लिहून घे.” मी लिहून घेतलं, वर दोनदा अधोरेखितही केलं.

चाचांना फोटो दाखवायचं नवऱ्याने सुचवलं, कारण त्यांच्या आजोबांकडे जुनी बंदूक होती. त्यांनी चहा बाजूला ठेवला, पहिलाच फोटो उचलला आणि हसले. भिंग लागलंच नाही. चापामागची खाली ओढायची दांडी त्यांनी बोटाने दाखवली. यांच्याकडे हिला समा म्हणतात, लग्नात ती घेऊन नाचतात, असं सांगून ते त्यांच्या स्वच्छ हिंदीत म्हणाले, “बहन, मार्टिनी आदमी नहीं, बंदूक है.”

मग V.R. कोण, असं मी विचारलं. ती इंग्लंडची राणी, चाचा म्हणाले, तिची अक्षरं असल्या पुष्कळ बंदुकांवर असतात.

“सो देअर वॉज नो मार्टिन?” मुलीने विचारलं.

“खलास,” नवरा म्हणाला. “इतकी वर्षं हार घातला तो बनावटीच्या नावाला.”

मी हसले नाही. मग ती आमच्या घरी आली कशी, हे मला हवं होतं. चाचांनी खांदे उडवले. तेव्हा इकडून मचवे तिकडे जात, काय सांगावं, आमचीच एखादी गेली असेल. ते गंमत करत होते. मला मात्र खुर्चीत बसवेना. वाघ तरी खरा होता का?

मी पुढच्या पानावर गेले. चाचा सांगत गेले तसं उतरवून घेतलं. आत काडतूस नाही याची परवानाधारक कारागिराकडून खात्री. खोबरेल बंद, त्याचा चिकटा बसतो. कुंकू बंद, लोखंड खातं. धातूला मशीनचं पातळ तेल, लाकडाला जवसाचं. गवसणीत कोंडायची नाही. खुणा घासायच्या नाहीत. सहा कामं झाली. सातवं मी स्वतःच लिहिलं: बाबांना सांगणे.

त्याच संध्याकाळी फोन लावला. तेलाचं सगळं त्यांनी नीट ऐकलं. कुंकवावरून थोडी कुरकुर केली, मग हाराला हरकत नाही ना, एवढं विचारून घेतलं. नंतर म्हणाले, “आणि साहेब?”

“शोधतेय, बाबा.”

दादाने सहाही कामं केली, हे मला आजही खरं वाटत नाही. बंदूक आता कोरडी आणि स्वच्छ आहे, नंबर परवान्याशी जुळतो. बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. सुताराकडून त्यांनी सागवानी पाटी करून आणली आहे, रंगारी अक्षरांसाठी थांबलाय. दर शुक्रवारी फोनवर ते तोच प्रश्न विचारतात, आणि मी हवापाण्याचा विषय काढते. वही दर नव्या वर्षी बदलते. सहा कामं मी कधीच खोडली. सातवं प्रत्येक वहीत, पहिल्या पानावर, पुन्हा लिहिते.