रावजीचे रोवलेले दात

रावजी कलम बांधत असला की त्याच्याशी बोलायची सोय नसे. डाव्या हातात खुंटासाठीचं रायणीचं रोप आणि चिकूची फांदी एकमेकांना चिकटवून धरलेली, उजव्या हाताने प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळणं चालू, आणि पट्टीचं टोक पुढच्या दातांत. शेवटचा वेढा आला की तो मान मागे टाकून असा हिसका द्यायचा की पट्टी कच्चकन आवळली जायची. तोंड मोकळं झालं की आधी माझ्यावर डाफरायचा, "मास्तर, फांदीला टेकू नका. ही तुमची शाळा नाय."

मी वेवजीला शाळेत मास्तर होतो. रावजी तिथलाच. घरचं भात थोडं, बाकी सगळं पोट कलमांवर. कोसबाडपासून डहाणूपर्यंतच्या चिकूच्या वाड्यांतून त्याला बोलावणी येत, कारण त्याची कलमं धरत. "माझं कलम आणि माझी बायको," तो म्हणायचा, "एकदा बांधली ती सुटली नाय." बायको आतून ओरडायची, "पट्टी दातात धर आणि गप बस!"

माणूस प्रेमळ होता, पण हेका असा की डोकं आपटून घ्यावं. त्याची मिसरी हा आमचा कायमचा वाद. सकाळी, दुपारी, कामावर निघताना, तळहातावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड घ्यायची आणि बोट हिरड्यांवरून फिरवत बसायचं. मी बोललो की म्हणायचा, "हिने दात पक्के होतात." असे पक्के झाले की साठीनंतर वरचे पुढचे दोन एकामागोमाग पडले.

त्याच्या मुलाने कवळी करून दिली. पहिल्याच कलमाला हिसका दिला तशी पट्टीबरोबर कवळीही बाहेर आली. वाडीतली माणसं पोट धरून हसली. रावजीने कवळी पुसून खिशात घातली, ती पुन्हा तोंडात गेली नाही. काम बंद पडलं. दोन माणसांनी कलम बांधणं त्याला मान्य नव्हतं. "मी फांदी धरू आणि दुसरा आवळणार? मग कलम कोणाचं?"

मीच त्याला डहाणूला दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. तरुण मुलगी होती, नुकताच दवाखाना टाकलेला. तिने सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं. "काका, हाडात स्क्रू बसवायचा. हाडाने तो धरायला काही महिने लागतील, मग वर दात. नीट सांभाळलात तर स्क्रू वीस-पंचवीस वर्षंसुद्धा जातो. वरची टोपी मध्ये कधीतरी बदलावी लागेल. पण सांभाळायचं म्हणजे रोज दोनदा मऊ ब्रश, दाताच्या बुडाशी हा बारीक ब्रश, मिसरी बंद, आणि दर सहा महिन्यांनी मला दाखवायचं. आणि या दातांनी काही ओढायचं नाही."

रावजीने माझ्याकडे बघितलं. "मास्तर, ही काय म्हणते?"

त्याला समजलं नव्हतं असं नाही. पण परक्या माणसाचं बोलणं ओळखीच्या तोंडून आल्याशिवाय त्याला पटत नसे. मला बस गाठायची घाई होती आणि नेमकी एक उपमा सुचली होती. मी म्हणालो, "अरे, कलम आहे. हाड म्हणजे रायण, दात म्हणजे चिकू. एकदा धरलं की पुढे बघायला नको."

"असं सरळ बोल ना," तो डॉक्टरबाईंना म्हणाला.

ती हसली. निघताना मला म्हणाली, "बाकीचंही समजावा हं त्यांना."

"समजावतो," म्हणालो. चारोटीला उतरून आम्ही वडे खाल्ले. रावजी एवढा खुशीत होता की मिसरीचा विषय काढून त्याचं तोंड कडू करावंसं वाटलं नाही. मग तो विषय राहिलाच.

दात धरले. रावजी परत वाड्यांवर जाऊ लागला आणि पट्टी परत दातांत आली. दर सहा महिन्यांनी दवाखान्यातून माझ्या फोनवर निरोप यायचा आणि मी तो त्याच्या अंगणात पोचवायचो.

"दुखतंय काय? नाय. मग जायचं कशाला? धरलेलं कलम कोण उपटून बघतो?"

माझीच उपमा माझ्या तोंडावर. मी चिडायचो, आवाज चढवायचो, हात जोडायचो. म्हणायचो, त्या स्क्रूला नस नाही, बिघडलं तरी दुखणार नाही. "नाय दुखत ना? मग चांगलंच," तो म्हणायचा. बारीक ब्रश मी स्वतः आणून दिला, तर चाकूच्या सांध्यात अडकलेला चिकूचा चीक काढायला त्याने तो ठेवला. "मस्त आहे. अजून दोन आणा." एकदा मिसरीच्या बोटावर रक्त दिसलं. हिरडी सुजून लाल झाली होती. "मिसरी कडक आहे या वेळची," म्हणाला. त्या दिवशी मी त्याला ओढत डहाणूला न्यायला हवं होतं. वैतागून घरी गेलो आणि महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

पुढे एका दुपारी हिसका देताना दात हलला. डॉक्टरबाईंनी फोटो काढून दाखवला. स्क्रूभोवतीचं हाड झिजून गेलं होतं. दोन्ही काढावे लागले. पुन्हा बसवायचे तर आधी मिसरी सोडा, मग हाड भरून घेऊ, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

रावजी बाहेर आला तो तिथल्या बाकावरच्या लोकांना ऐकवतच. "पोरीने कच्चे स्क्रू घातले." तेच चारोटीला, तेच तलासरीच्या बाजारात. त्याचा शब्द आमच्याकडे चालत असे. आमच्या बाजूच्या लोकांनी तिच्याकडे जाणं सोडलं. मी प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी उभा होतो आणि प्रत्येक वेळी गप्प होतो. खरं बोललो असतो, तर कलम हा शब्द कोणाचा, हेही निघालं असतं.

त्यानंतर रावजीने कलमं बांधली नाहीत. शेवटच्या थंडीत त्याला छातीच्या दुखण्याने धरलं, तेव्हा अंगणात उन्हाला बसून त्याने आपणहून विचारलं, "मास्तर, ती पोरगी सारखी बोलवायची कशाला?"

मी सांगितलं. हिरडीच्या काठाला घाण बसते, सूज येते, आतलं हाड हळूहळू जातं आणि वरून काही कळत नाही. तो भडकला.

"मग कलम कशाला म्हणालात? कलम जितं असतं, आपलं आपण वाढतं. ते लोखंड मेलेलं! कुंपणाचा खांब म्हणायचं होतं. खांबाच्या बुडाला वाळवी लागते, हे मला कोणी शिकवायला लागलं असतं काय? रोज उकरून बघितलं असतं!"

ओरडता ओरडता त्याला खोकला लागला.

"आणि त्या पोरीला मी बाजारात बोललो, त्याचं काय?" खोकल्याची उबळ ओसरल्यावर तो म्हणाला. "मी नाय जाणार. तुम्ही जा. बोलणं तुमचं होतं."

मी गेलो. दवाखान्यात बाकं रिकामी होती. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, काय झालं ते मला ठाऊकच आहे. हे तिकडे सांगा."

तिकडे सांगायला मी तोंड उघडलं ते रावजीच्या बाराव्याला. पंगत बसली होती. त्याचा पुतण्या वाढता वाढता म्हणाला, "त्या डॉक्टरणीने हात लावला आणि काकाचं काम गेलं. नाहीतर अजून कलमं बांधली असती." पुष्कळ माना हलल्या. मी म्हणालो, स्क्रू चांगले होते. तिने सगळं सांगितलं होतं. मिसरी सुटली नाही, ब्रश लागला नाही, तपासायला कोणी गेलं नाही.

"मास्तर, आज बाराव्याला मेलेल्या माणसाची चूक काढता?"

"त्याची नाही रे. माझी काढतोय. मी त्याला..."

"बरं, बरं. तुम्ही दमलात. जेवा आता," असं म्हणून त्याने माझ्या पानात भात वाढला, वर वरण ओतलं, आणि पुढच्या पानाकडे गेला.