मनगट न वळवता

उजवं मनगट मोडलं ते न्हाणीघरात. त्यात सांगण्यासारखं काही नाही. साबण खाली पडला होता आणि माझा पाय त्याच्यावर पडला. प्लास्टर निघालं तेव्हा हात वाळलेल्या दोडक्यासारखा झाला होता. मनगट थोडं वळायचं, मग अडायचं. महिने गेले तरी तसंच.

मला घाई होती. गांधीबागेच्या बाजारातल्या आमच्या कापडाच्या दुकानात गादीवर पुढे दोनच माणसं बसतात, दीर आणि मी. नवरा गेल्यापासून त्याच्या जागेवर मी बसते. मोडका हात घेऊन परत आले तेव्हा दिरांनी मला मागे, अस्तरांच्या कोपऱ्यात बसवलं.

"वहिनी, तुमी आरामात बसा ना. काहून जिवाले तरास करून घेऊन राहिल्या? तुळशीचं लगन झालं का एक माणूस ठेवून टाकतो समोर."

दीर वाईट नाहीत. पण बाजारात जो पुढे बसतो त्याचं दुकान असतं. मागे बसलेली बाई म्हणजे डबा घेऊन आलेली घरची बाई. लग्नसराईत तो माणूस एकदा गादीवर टेकला असता, तर त्याला उठवून मला कोणी बसवलं नसतं. मीही सांगायला गेले नसते, इतकी दमलेली होते. म्हणून त्याच्या आधीच काय ते करायला हवं होतं.

पुढे बसायचं तर थान उघडता आलं पाहिजे. फळीवर गुंडाळलेल्या कापडाचं टोक डाव्या हातात धरायचं, उजव्याने थान उचलायचं आणि फेकताना मनगटाला एक गिरकी द्यायची. थान धबधब कोलांट्या खात गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापर्यंत जातं. सगळी करामत त्या गिरकीत. दुकान बंद व्हायच्या वेळी एकदा करून पाहिली. थान विटेसारखं जागच्या जागी पडलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने.

फिजिओथेरपीच्या बाईंनी पाण्याची बाटली धरून हात झुलवायला सांगितलं होतं. मी ते चारदा केलं असेल. दिवसभर दुकान, मग घर, मग उभं राहून बाटली कोण झुलवणार? माझी मुलगी एका कंपनीत नोकरी करते. त्यांच्या ऑफिसची बोलिंगची टीम आहे आणि रविवारी सकाळी मॉलमध्ये त्यांचा सराव असतो.

"बाटलीच्या जागी बॉल धर," ती म्हणाली. "कंटाळा तरी नाही येणार तुले."

फिजिओच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यात हलका बॉल घ्या, मनगट मात्र पिळू नका.

तिथे भाड्याचे बूट घालावे लागतात. अर्ध्या नागपूरचे पाय त्यातून जाऊन आलेले. एसी इतका की ओढणी डोक्यावरून घेतली. लांब लाकडी पट्टीच्या टोकाला पिना उभ्या, बॉल घरंगळवून त्या पाडायच्या. बॉलला तीन भोकं, दोन बोटांना आणि एक अंगठ्याला. मी हात मागे नेला, पुढे आणला, सोडला. बॉल दोन हात सरळ गेला आणि डावीकडच्या नालीत पडला. दुसराही तसाच. तिसरा तर आधीच.

"आई, तू बॉल टाकून राहिली का थान उघडून राहिली वं?"

शेजारच्या लेनवरची पोरं हसली. मुलगी खरंच बोलत होती. दुकानात वळ म्हटलं तर न वळणारं मनगट इथे सोडायच्या क्षणी जमेल तितकं वळत होतं. इतक्या वर्षांची खोड होती, मोडलेल्या हाडातूनही गेली नव्हती.

"मनगट नाहीच आहे असं समज," मुलगी माझ्या कोपराला धरून म्हणाली. "हात खांद्यापासून टांगला आहे. बॉल आपल्या वजनानं मागं जाते, आपल्या वजनानं पुढं येते. तू जोर लावू नको. पायाजवळून जाऊ दे, आन् तळवा शेवटपर्यंत पिनांकडे."

"जोर नाही लावला तर जाईन कसा?"

"जाते. सोडून तर पाह्य."

"तू मले शिकवून राहिली?"

"मंग? तू नाही शिकवलं मले, केस उपटून उपटून येणी घालाले?"

पुढच्या रविवारी ब्लाउजपीसच्या घडीतला जाड पुठ्ठा काढून नेला. तळहातापासून अर्ध्या हातापर्यंत ठेवला आणि वरून क्रेप बँडेज आवळलं. आता मनगटाला वळायचं म्हटलं तरी सोय नव्हती. मुलीच्या टीममधल्या एकाने फोटो काढला. काढू दे म्हटलं.

बॉल सरळ गेला. हळू गेला, पण सरळ. कडेच्या दोन पिना पाडून थांबला. मला पिनांशी काही घेणं नव्हतं. मी खांद्याकडे लक्ष देत होते. हात झुलला की वजन खांद्यातून खाली येतं आणि आपोआप पुढे निघून जातं, मनगटाला फक्त ताठ राहायचं असतं. इतकं साधं शिकायला मला बरेच रविवार लागले. काही रविवारी बूट काढताना वाटायचं, कशाला हे? बसावं मागे, मोजावं अस्तर. पण सोमवारी सकाळी मागे बसायला म्हणून दुकानात पाय टाकायचा मला जास्त कंटाळा आला असता.

नंदनवन कॉलनीतल्या घरी पलंगावर थान फेकून पाहू लागले. बसल्या जागी हात पुरता झुलत नाही, म्हणून गुडघ्यांवर उभी राहिले. मनगट ताठ, झोका खांद्यातून. थान उघडायचं, पण निम्म्यातच थांबायचं. त्याच्यापुढे ते कधी गेलं नाही.

तुळशीचं लग्न झालं. ठेवलेला माणूस सकाळीच आला आणि पायरीशी उभा राहिला. दीर फोनवर होते. मी कोणाला न विचारता पुढे जाऊन बसले. नवरीच्या ब्लाउजांसाठी तिघी बायका आल्या. मी गुडघ्यांवर झाले, हात मागे नेला आणि थान सोडलं. तीन कोलांट्या घेऊन ते मध्येच बसलं. दिरांनी फोन कानावरून खाली घेतला.

तिघींतली थोरली पुढे वाकली आणि राहिलेलं कापड स्वतःच ओढून मांडीवर घेतलं. बोटांनी चुरगळून पाहिलं. "याच्यात राणी कलर आहे का हो ताई?"

होता. दुपारपर्यंत मी पुढेच होते. गर्दी ओसरल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, तुमचं थान अर्ध्यातच बसून राहिलं आज."

"बाकीचं गिऱ्हाईक ओढते."

"हाताले काही झालं तर?"

"मनगट ठीक आहे. खांदा दुखते. संध्याकाळी शेकून घेईन."

ते पायरीशी सकाळपासून थांबलेल्या माणसाकडे वळले. "जा गा," ते त्याला म्हणाले, "मागं अस्तरापाशी बस."